कच्ची माती, ठरवलेला शेवट

हे पुस्तक भट्टीपर्यंत न जाणाऱ्या मातीबद्दल आहे. माठ, पणत्या, कौलं, कपबश्या, स्टुडिओत घडवलेली चिनी मातीची शिल्पं यांतलं इथे काही नाही. इथे आहे ती दालनाच्या भिंतीवर, जंगलात, अंगणात किंवा पडक्या इमारतीच्या खोबणीत ओली लावलेली, वाळताना तडकणारी आणि काही मुदतीनं पुन्हा चिखल होणारी माती. ती भाजायची नाही असं आधीच ठरवून केलेली मांडणशिल्पं हा या पुस्तकाचा विषय.

हा विषय निघाला की दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. एक रोखठोक: "टिकणारच नाही, तर एवढा खटाटोप कशाला?" दुसरी मान डोलावून दिलेली: "वा! क्षणभंगुरता!" यांतली पहिली मला जास्त जवळची वाटते. तिच्यात निदान खटाटोप दिसलेला असतो. दुसरीत मातीला हात लागायच्या आधीच तत्त्वज्ञान तयार असतं, आणि समोरचं काम त्या तत्त्वज्ञानाचा दाखला एवढ्यापुरतंच उरतं.

या पुस्तकाचा रोख वेगळा आहे. कच्च्या मातीचं काम आपोआप नाहीसं होत नाही. त्याचं जाणं घडवावं लागतं. किती वाळू द्यायचं, पाणी कुठून आणि केव्हा येणार, कोसळताना बघायला कोण असणार, उरलेला गाळ कोण उचलणार आणि तो कुठे जाणार, हे सगळं आकार आणि प्रमाणबद्धता यांच्याइतकंच कलावंताला ठरवावं लागतं. जिथे हे ठरवलेलं असतं तिथे कलाकृती पूर्ण होते. जिथे नसतं तिथे फक्त राडारोडा उरतो.

'कच्ची म्हणजे नाशवंत' हा समज सरधोपट आहे, हे आधी सांगून टाकतो. अजिंठ्याची चित्रं ज्या थरावर रंगवली आहेत तो थर भाजलेला नाही. लेण्याच्या खडबडीत कातळावर मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवलेले, वर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात, लावलेला हा चिखल पुष्कळ ठिकाणी अजून कातळाला धरून आहे. हिमाचलात स्पितीच्या खोऱ्यात ९९६ साली स्थापन झालेला ताबो मठ आहे. त्याच्या सभागृहात भिंतींवर बसवलेल्या मातीच्या मूर्तींनी भट्टी कधी पाहिली नाही, पण त्यांना हजार वर्षं होत आली. वर छप्पर, कोरडी हवा आणि माणसांचा जपून वावर एवढं मिळालं की कच्ची माती पिढ्यान्पिढ्या राहते. म्हणजे अल्पायुषीपणा हा मातीचा गुण नव्हे. तो मांडणीचा गुण आहे, आणि म्हणून त्याचं श्रेय किंवा दोष मांडणाऱ्याकडे जातो.

मातीच्या अंगचे गुण मात्र नीट समजून घेतले पाहिजेत. चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनहून लहान आणि पापुद्र्यासारखा चपटा असतो. दोन पापुद्र्यांमध्ये पाण्याचा थर असतो तोवर ते एकमेकांवरून घसरतात. त्यामुळे माती दाबली की वाकते आणि वाकलेली राहते. पाणी उडून गेलं की कण जवळ येतात आणि माती आकसते. शिल्पकामाच्या मातीत ही आकस लांबीला साधारण ५ ते १० टक्के असते. मीटरभर लांबीचा पट्टा वाळून ९०-९५ सेंटिमीटरचा होऊ पाहतो. तो मोकळा असेल तर नुसता आखडतो. भिंतीला किंवा सांगाड्याला धरलेला असेल तर फाटतो. आपली काळी माती फुगण्या-आकसण्यात याच्याही पुढे असते, म्हणून तर उन्हाळ्यात शेतात भेगा पडतात. पण वाळलेली माती अजून मातीच असते. भट्टीत साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान कणाच्या घडणीतच बांधलेलं पाणी निघून जातं. त्यानंतर ती कितीही भिजवली तरी चिखल होत नाही. खापराची भुकटी केली तरी ते खापरच. कच्च्या मातीत काम करणारा या रेषेच्या अलीकडे थांबतो आणि परतीची वाट मोकळी ठेवतो.

ही वाट कशी असते ते घरी बघता येतं. एकाच मातीचे दोन गोळे घ्या. एक पूर्ण वाळू द्या, दुसरा फडक्यात गुंडाळून अर्धओला ठेवा. मग दोन्ही वेगवेगळ्या काचेच्या भांड्यांत पाण्यात सोडा. ओला गोळा आधी विरघळेल असं बहुतेकांना वाटतं, पण घडतं उलट. कोरड्या गोळ्यातून बुडबुडे सुटायला लागतात, कडा पापुद्र्या-पापुद्र्यांनी गळतात, आणि काही मिनिटांत भांड्याच्या तळाशी मऊ ढीग बसतो. अर्धओला गोळा वरून बुळबुळीत होतो, पण आतून तसाच शाबूत राहतो. कोरड्या मातीची रिकामी छिद्रं पाणी जोरानं ओढून घेतात आणि आत कोंडलेली हवा बाहेर पडताना तिला फोडते. ओल्या मातीच्या छिद्रांत पाणी आधीच असतं, तिथे ओढ नसते. पाण्यात विरघळवायचं शिल्प किती झरझर जावं, हे त्याला किती वाळू दिलं यावर ठरतं. शेवटाची गती अशी आधीपासून हातात असते.

कच्च्या मातीचं जाणं आपल्या कलाशाळांना नवीन नाही. फक्त तिकडे त्याची नोंद होत नव्हती. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयासारख्या संस्थांमधून शिल्पकला शिकलेल्या पिढ्यांनी सांगाड्यावर माती चढवली, आठवडेच्या आठवडे ओल्या फडक्यांनी ती जपली, प्लॅस्टरचा साचा घेतला आणि साच्यातून खरवडून काढलेली माती पुढच्या कामासाठी हौदात टाकली. गणपतराव म्हात्रे यांचं 'मंदिरपथगामिनी' हे १८९६ सालचं विख्यात शिल्प प्लॅस्टरमधलं आहे. अशा शिल्पाआधी हाताखाली माती असते, आणि शिल्पकाराच्या बोटांचा दाब पहिल्यांदा घेते ती तीच. पण ती पायरी म्हणून येते आणि पायरी म्हणूनच जाते. या पुस्तकातल्या कलावंतांनी केलं ते एवढंच, आणि ते थोडं नाही: हौदाकडे जाणारी माती त्यांनी लोकांसमोर आणली आणि 'हेच काम' असं म्हटलं.

हे म्हणायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. १९५५ साली टोकियोत गुताई गटाच्या पहिल्या प्रदर्शनात काझुओ शिरागा यांनी अंगणातल्या चिखलाच्या राशीत स्वतःला झोकून दिलं आणि हातापायांनी तिच्याशी झोंबी घेतली. उरलेला तुडवलेला ढीग म्हणजे कलाकृती. १९७२ साली ॲमस्टरडॅममध्ये जिम मेलचर्ट आणि त्यांचे साथीदार पातळ चिखलात डोकी बुडवून ओळीनं बसले आणि तो वाळेपर्यंत बसून राहिले. ओढणारी, ताणणारी, कानापाशी तडकणारी माती त्यांच्या कातडीवरच होती. क्युबात जन्मलेल्या आना मेंदिएता यांनी सत्तरच्या दशकात आयोवा आणि मेक्सिकोत स्वतःच्या देहाची आकृती चिखलात, वाळूत, गवतात उमटवली आणि ऊनपावसावर सोपवली.

न्यूयॉर्कच्या चार्ल्स सिमंड्स यांचं काम यांत मला सगळ्यात बोलकं वाटतं. १९७० पासून ते मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड या गरीब वस्तीत फिरत आणि पडक्या भिंतींच्या भेगांत, खिडक्यांच्या कठड्यांवर कच्च्या मातीच्या नखाएवढ्या विटांची चिमुकली घरं बांधत. कुणा अदृश्य, भटक्या 'छोट्या लोकांची' ती वस्ती. भोवती मुलं गोळा होत, हात लावत, मदत करत. बहुतेक घरं पावसानं, रहदारीनं किंवा मुलांच्याच हातांनी लवकरच गेली. पण १९८१ साली व्हिटनी संग्रहालयानं आपल्या इमारतीच्या जिन्यात अशी एक वस्ती बसवून घेतली, आणि ती दशकानुदशकं तिथे राहिली. हात तोच, माती तीच, विटा तेवढ्याच. रस्त्यावरच्या घराला दिवसांचं आयुष्य मिळालं आणि जिन्यातल्या घराला वर्षांचं.

महाराष्ट्राचा धागा इथे एका वेगळ्याच वाटेनं येतो. इंग्लंडचे रिचर्ड लाँग एव्हन नदीचा चिखल तळहातानं थेट भिंतीवर लावतात. डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या चित्रकलेचं मूळ कारवीच्या कुडाला शेणमातीनं लिंपून त्यावर तांदळाच्या पिठानं काढलेल्या चित्रांत आहे. १९८९ साली पॅरिसच्या गाजलेल्या 'मॅजिशियन्स द ला तेर' प्रदर्शनात दोघांचीही कामं होती. पुढे २००३ साली लाँग वारल्यांच्या मुलखात येऊन राहिले आणि दोघांचं एकत्र प्रदर्शन जर्मनीत ड्युसेलडॉर्फला झालं. या भेटीवर पुष्कळ कौतुकानं लिहिलं गेलं. मला तिच्यात एक फरक महत्त्वाचा वाटतो. लाँग यांची दालनातली भिंत प्रदर्शन संपल्यावर धुतली जाते. वारली घराची भिंत पुन्हा लिंपली जाते, कारण घर चालू असतं. एकीकडे शेवट हा समारोप, दुसरीकडे शेवट ही डागडुजी. दोन्ही ठरवलेलेच असतात, पण ठरवणारे वेगळे असतात.

यापुढे दोन कामांपाशी जरा थांबतो, कारण पुस्तकातले बहुतेक प्रश्न त्यांच्यात एकवटले आहेत.

पहिलं १९९९ सालचं, व्हेनिस बिनालेतलं. त्याची गोष्ट १९६५ साली चीनच्या सिचुआन प्रांतात दायी इथे सुरू होते. एका जमीनदाराच्या वाड्यात शिल्पकार आणि लोककारागीर यांनी मिळून माणसाएवढ्या ११४ मूर्तींचा देखावा उभारला: खंड भरायला आलेली कुळं, धान्य मोजणारे कारकून, मारझोड करणारे हस्तक. लाकडी सांगाडा, त्यावर गवत, त्यावर माती. भाजणी नाही. 'खंडवसुलीचं अंगण' या नावानं हा देखावा क्रांतिकाळातल्या चिनी कलेचा मानदंड ठरला, त्याच्या टिकाऊ प्रतिकृती निघाल्या आणि त्या गावोगाव फिरल्या. चौतीस वर्षांनी चिनी कलावंत त्साय ग्वो-च्यांग यांनी मूळ चमूतले एक शिल्पकार लोंग शू-ली आणि आणखी नऊ कारागीर व्हेनिसला नेले. जुन्या शस्त्रागाराच्या दालनात साठ टन मातीतून तोच देखावा त्यांनी प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत पुन्हा घडवायला घेतला. एकीकडे नुसते सांगाडे, मध्ये हात चालू असलेल्या मूर्ती, पलीकडे पूर्ण झालेल्या आणि वाळून तडकायला लागलेल्या. प्रदर्शन चालू राहिलं तसतसे खांदे ढासळले, बोटं गळून पडली. बिनालेचा सुवर्णसिंह पुरस्कार त्साय यांना मिळाला. पुढच्याच वर्षी चीनमधल्या मूळ कलासंस्थेच्या बाजूनं चोरीचा आरोप झाला, कोर्टकचेरीची भाषा झाली.

या वादात दोन्ही बाजू मातीबद्दलच भांडत होत्या असं मला वाटतं. मूळ कारागिरांनी माती घेतली ती गावातल्या माणसाला ओळखीची वाटावी आणि हाताशी असावी म्हणून. तिनं टिकावं अशी त्यांची इच्छा होती आणि दायीला ती टिकवलीही गेली. त्साय यांनी तीच माती घेतली ती तिनं जावं म्हणून. क्रांतीचं स्मारक तडकताना दिसावं, हा त्यांच्या कामाचा आशयच होता. एकच आकृती, एकच तंत्र, आणि शेवट बदलल्याबरोबर अर्थ उलटा. शेवट हा रचनेचा भाग असतो, याचा इतका धडधडीत पुरावा दुसरा सापडणं अवघड.

दुसरं काम २०१७ सालचं, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयातलं. फीबी कमिंग्ज या इंग्लिश कलावतीचं. भट्टी आणि स्टुडिओ हाताशी नसताना जागेवर जाऊन कच्च्या मातीत काम करण्याची सवय त्यांना लागली आणि तीच त्यांची पद्धत झाली. पाना-फुलांची, पाकळी-पाकळीनं घडवलेली त्यांची माती इतकी नाजूक असते की काम चालू असेपर्यंत ती प्लॅस्टिकखाली दमट ठेवावी लागते. 'ट्रायम्फ ऑफ द इम्मटेरियल' या कामात त्यांनी कच्च्या मातीचं एक अलंकृत कारंजं घडवलं आणि त्यात खरंच पाणी सोडलं. कारंजं चालू होई तसं ते स्वतःलाच धुऊन काढी. पाकळ्या मऊ होत, काठ ओघळत, आणि विरघळलेली माती खालच्या कुंडात साचे. त्या वर्षी सुरू झालेलं 'वुमन्स अवर क्राफ्ट प्राइझ' याच कामाला मिळालं. टिकाऊ सुबक वस्तूंच्या संग्रहासाठी जगभर नाव असलेल्या इमारतीत हस्तकलेचा पुरस्कार वितळणाऱ्या वस्तूला गेला. यातला विनोद कमिंग्ज यांच्या नजरेतून सुटला असेल असं वाटत नाही.

इथे लक्षात घेण्याजोगी आहे ती पाण्याची व्यवस्था. कारंजं सतत चालवलं तर दालन उघडण्याआधीच सगळं वाहून जाणार, फार कमी चालवलं तर तडे जाऊन पडणार. विरघळणं आणि तडकणं हे मातीच्या शेवटाचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. पहिल्यात आकार मऊ होत जातो, दुसऱ्यात तो कोरा, धारदार तुटतो. क्लेअर टूमी यांच्या २०१० सालच्या कामात न भाजलेल्या वाडग्यांत पाणी ओतलं जाई आणि पाणी धरण्यासाठीच असलेलं भांडं त्याच पाण्यानं बसकण मारी. तो पहिला प्रकार. अँडी गोल्ड्सवर्दी यांच्या मातीच्या भिंती दुसऱ्या प्रकारच्या. ते मातीत माणसाचे केस कालवतात. केसांमुळे पोपडे गळून न पडता जागच्या जागी धरून राहतात आणि भेगांचं जाळं दिसत राहतं. थर जाड असला की भेगा दूरदूर आणि रुंद पडतात, पातळ असला की जवळजवळ आणि बारीक. हे ज्याला कळलं त्याला सपाट ओल्या भिंतीत न दिसणारी रेघ लपवता येते. भिंत वाळली की ती आपणहून वर येते.

आता एक अडचणीची बाजू. आर्जेंटिनाचे आद्रियान विजार रोहास यांचं नाव या क्षेत्रात सगळ्यात मोठ्यानं घेतलं जातं. २००९ साली उशुआयाच्या जंगलात झाडांमध्ये अडकून पडलेला पंचवीस मीटरहून लांब देवमासा, २०११ साली व्हेनिसला आर्जेंटिनाच्या दालनातले अवाढव्य स्तंभ, २०१२ साली जर्मनीतल्या कासेलला टेकडीच्या पायऱ्यांवरची शिल्पं. बघणाऱ्याला कुठल्या तरी भावी संस्कृतीच्या अवशेषांत आल्यासारखं वाटतं. पण त्यांच्या मातीत सिमेंट असतं. एवढ्या उंचीला नुसती चिकणमाती स्वतःचं वजन पेलत नाही, आणि ओल्या मातीचं वजन घनमीटरला दोन टनांच्या घरात जातं. सिमेंट घातलं की ती उभी राहते, लवकर तडकते, प्राचीन दिसते. आणि परत माती होत नाही. मग मोडतोड झाल्यावर उरतो तो ढिगारा, इमारतीचा उरतो तसाच. अशा कामाला कच्च्या मातीचं म्हणावं का? मी म्हणतो, पण तारांकित करून. दिसायला अल्पायुषी आणि असायला अल्पायुषी यांत फरक आहे, आणि तो फरक प्रदर्शन उतरवणाऱ्या मजुराला आधी कळतो.

हा फरक मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. दरवर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी तो समुद्रकिनाऱ्यावर आणि नदीकाठी दिसतो. शाडूची मूर्ती, तेलरंग टाळला असेल तर, घरच्या बादलीत काही तासांत बसते. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची बसत नाही. जिप्सम तापवून केलेली ती पूड पाणी लागल्यावर पुन्हा घट्ट जिप्सम होते आणि पाण्यात जेमतेम विरघळते. पेण आणि हमरापूरच्या कारखान्यांना प्लॅस्टर सोयीचं पडलं ते हलकं, स्वस्त, साच्यातून झटपट निघणारं आणि प्रवासात न तडकणारं म्हणून. मूर्ती घडवण्यापासून घरी पोचेपर्यंतचा सगळा विचार त्या निवडीत आहे. फक्त शेवटचा नाही. २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं विसर्जनाच्या सुधारित सूचना काढल्या, त्याच्या आगेमागे बंदी, न्यायालय, कृत्रिम तलाव असं सगळं घडत आलं. हा सगळा खटाटोप त्या न केलेल्या विचाराची भरपाई आहे.

शाडूलाही सूट देऊन चालणार नाही. ही माती बऱ्याच प्रमाणात गुजरातेतून येते. बादलीत बसलेला गाळ कुंडीत ओतावा असा सल्ला सर्रास दिला जातो, पण शाडू इतका बारीक असतो की कुंडीत त्याचा थर घट्ट बसतो आणि झाडाला पाणी पोचू देत नाही. त्याला खरी जागा मूर्तिकाराच्या हौदातच. पुण्यात विसर्जनानंतरचा शाडू घरोघरून गोळा करून मूर्तिकारांना परत देण्याची 'पुनरावर्तन' नावाची मोहीम आहे. तिनं पर्यावरणाचं काम केलंच, पण माझ्या दृष्टीनं ती मांडणीचीही उत्तम समज आहे. कोलकात्याच्या कुमारटुलीत हे व्यवहारातच मुरलेलं आहे. बांबूचा सांगाडा, त्यावर पेंढा, पेंढ्यावर चिकट माती, तिच्यावर रेताड बारीक माती, भेगांवर चिखलात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या. दशमीला मूर्ती गंगेत जाते, आणि पोरं पाण्यात उतरून सांगाडे ओढून काढतात. ते पुढच्या वर्षीसाठी पुन्हा कारागिरांकडे येतात.

गणपती आणि दुर्गा यांना मी मांडणशिल्पं म्हणत नाही. तिथे जाते ती देवता, आणि ती पुढच्या वर्षी येणार याची खात्री असते. कलादालनात अशी खात्री कुणी देत नाही. 'आमच्याकडे हे पूर्वीपासूनच होतं' असं म्हणून पाश्चात्त्य कलावंतांना निकालात काढणं सोपं आहे, आणि त्यांच्या कामाला आपल्या उत्सवांची उसनी पुण्याई चिकटवणंही तितकंच सोपं. दोन्ही टाळावं. दिवाळीतला किल्ला मात्र खरोखर या पुस्तकाच्या हद्दीत येतो. जागा बघून आखलेला, सामूहिक, पूजाअर्चेशी संबंध नसलेला, मुदतीचा. दगड-विटांचा उतार, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, बुरुज, गेरूचा हात, पायथ्याशी उगवून हिरवं रान व्हावं म्हणून पेरलेली मोहरी किंवा अळीव. मोहरी केव्हा पेरायची याचा हिशेब पाडव्याला ती बोटभर यावी असा मुलं बरोबर करतात. ज्या आळीत विटा शेजारच्या बांधकामावरून आणलेल्या असतात, तिथे त्या परत कधी द्यायच्या हेही ठरलेलं असतं. स्पर्धांमुळे आता तयार प्लॅस्टरचे बुरुज बाजारात आले आहेत. त्यांनी किल्ला देखणा होतो आणि माळ्यावर जातो.

जे उरत नाही त्याचं काय उरतं, हा प्रश्न बाजारानं आपल्या परीनं सोडवला आहे. छायाचित्र उरतं, चित्रफीत उरते, कलावंताची सही असलेली सूचनापत्रं उरतात. मेंदिएतांचं बरंचसं काम आपल्याला छायाचित्रांतूनच माहीत आहे. त्साय यांचा देखावा २००८ साली न्यूयॉर्कच्या गुगनहाइममध्ये पुन्हा घडवून पुन्हा ढासळवला गेला. त्यामुळे 'विकता येत नाही अशी कला' हा दावा भाबडा आहे. पण छायाचित्रात काही गोष्टी येत नाहीत: ओल्या मातीनं गार झालेली दालनाची हवा, तिचा वास, तुकडा पडतानाचा बारीक आवाज, आणि कालच्यापेक्षा आज काय बदललंय हे बघायला पुन्हा आलेला माणूस. या कामांचा खरा प्रेक्षक एकदा येऊन जाणारा नसतो. या पुस्तकात छायाचित्रं आहेत, आणि जिथे शक्य झालं तिथे एकाच कामाची वेगवेगळ्या दिवसांची छायाचित्रं शेजारी शेजारी ठेवली आहेत.

शेवटी पुस्तकाच्या रचनेबद्दल. पहिल्या भागात माती आणि पाणी, दुसऱ्यात वर उल्लेखलेल्या आणि इतर कलावंतांची कामं, तिसऱ्यात आपल्याकडच्या परंपरा आहेत. चौथा भाग प्रत्यक्ष करणाऱ्यांसाठी आहे. त्यात माती गाळणं, मळणं, पेंढा-तूस-काथ्या किती आणि का घालायचा, पंख्याच्या आणि एसीच्या झोताखाली एक बाजू आधी वाळून काम कसं फाटतं, वरच्या मजल्यावरच्या स्लॅबला किती वजन झेपेल हे आधी इंजिनिअरला का विचारायचं, असं सगळं आहे. उतरवण्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. वाळलेली माती कोरड्या झाडूनं झाडायची नाही, कारण तिच्यातली सिलिकाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की फुप्फुसं कायमची बिघडतात. आधी पाणी शिंपडायचं, मग खरवडायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं. गाळ मोरीत ओतायचा नाही, नळ्या तुंबतात. तो पिंपात बसू द्यायचा, वरचं पाणी काढून टाकायचं आणि खालची माती कुठल्या कुंभाराकडे, मूर्तिकाराकडे किंवा शाळेत जाणार हे आधीच बोलून ठेवायचं.

हे प्रकरण पुस्तकात शेवटी आलं आहे, कारण छापील पुस्तकाला क्रम पाळावा लागतो. ज्यांना स्वतः काम करायचं आहे त्यांनी मात्र ते सर्वांत आधी वाचावं आणि कागदावर पहिली रेघ मारण्यापूर्वी 'ही माती नंतर कुणाची?' या प्रश्नाचं उत्तर लिहून काढावं. उत्तर सापडलं की आकार, उंची, जाडी, मिश्रण यांचे निम्मे निर्णय आपोआप होतात. सापडलं नाही तर ते काम भाजून पक्कं करावं, किंवा करूच नये.